कणीतला बिबा : परभणीतील एका बाळंतिणीच्या लाडवांचे प्रकरण

परभणीतील एका घरी गेल्या हिवाळ्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले गेले आणि त्यानंतर चार दिवसांच्या आत घरातील दोन बायकांच्या अंगावर पुरळ उठले. त्यांपैकी एकीने लाडू खाल्ले होते आणि दुसरीने ते केवळ वळले होते. ज्या आजीने त्याच डब्यातले दोन लाडू आनंदाने खाल्ले, तिला मात्र काहीही झाले नाही. बाळंतिणीचा भाऊ माझा जुना विद्यार्थी असल्यामुळे, आणि मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो हे त्याला ठाऊक असल्यामुळे, उरलेल्या लाडवांचा डबा आणि जिन्नसांच्या पुड्या घेऊन तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला. त्या डब्यापासून किनवटच्या बाजूच्या एका ओसरीपर्यंत जो माग लागला, तो येथे मांडला आहे. घरातील मंडळींची संमती घेतली असून कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रथम घटनाक्रम. बाळंतीण सव्वीस वर्षांची असून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. बारसे झाल्यावर रविवारी दुपारी तिच्या आईने आणि भावजयीने लाडू केले. डिंक, खारीक, खोबरे, थोडी मेथी, बदाम, काजू आणि गोडंबी (बिब्याच्या आतला गर) असे त्यातले जिन्नस होते. डिंक तुपात फुलवून घेतला, त्याच कढईत गोडंबी परतली, सगळे कुटले आणि गुळात वळले. कुटणे आणि वळणे भावजयीकडे होते. सोमवारपासून बाळंतीण रोज सकाळी एक लाडू खाऊ लागली. मंगळवारी रात्री भावजयीच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आतल्या बाजूस खाज सुटली, आणि बुधवारी सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की उजवा डोळा अर्धाच उघडत होता. त्याच दिवशी बाळंतिणीच्या ओठांच्या कडा लाल होऊन बारीक फोड आले. गुरुवारी पुरळ तिच्या मानेच्या घडीत आणि काखेत उतरले, आणि त्या रात्री तिने आईला संकोचत सांगितले की शौचाच्या जागीही असह्य खाज येते. बाळाच्या अंगावर काहीच नव्हते.

डॉक्टरांनी लाडवांतील काजूवर संशय घेतला, आणि तो गैर नव्हता. काजूची ॲलर्जी खरी असते आणि ती गंभीरही असू शकते. त्यांनी लाडू बंद करायला सांगितले, लावायला मलम दिले आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली. तपासणीच्या अहवालात बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता, हेझलनट, ब्राझील नट आणि चेस्टनट अशी यादी होती, आणि प्रत्येकापुढे ‘आढळले नाही’ असा शेरा होता. परभणीच्या बाजारात चेस्टनट कोणी पाहिलेले नाही, तरी ते यादीत होते. जी वस्तू त्या घरात पावशेर आणली गेली होती, त्या गोडंबीचा मात्र यादीत उल्लेख नव्हता.

येथे एक गमतीदार उपप्रकरण घडले, आणि ते सांगणे आवश्यक आहे, कारण कवच असलेल्या फळांविषयीची आपली भाषा किती सैल आहे हे त्यातून दिसते. भावाने मोबाइलवर ‘चेस्टनट’ शब्दाचा अर्थ शोधला आणि त्याला उत्तर मिळाले ‘शिंगाडा’. इंग्रजीत शिंगाड्याला पाण्यातले चेस्टनट म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. अहवालात चेस्टनटपुढे ‘आढळले नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही, यादीत नाव आले म्हणजे काही तरी असणार अशा समजुतीने आईने घरातले शिंगाड्याचे पीठ बाजूला काढून ठेवले आणि एकादशीला केवळ भगरीवर भागवले. वास्तविक शिंगाडा ही तळ्यात वाढणारी वनस्पती आहे आणि तिचा चेस्टनटशी काहीही संबंध नाही. युरोपातला खरा चेस्टनट हा ओकच्या कुळातला वृक्ष आहे. त्याचे फळ दाट, बारीक काट्यांच्या गोळ्यात असते, प्रत्येक दाण्याला टोकाशी शेंडी असते, आणि आत बदामासारखी चरबी नसून बटाट्यासारखा पिष्टमय गर असतो. दिसायला त्याच्यासारखाच, पण गोलसर, बिनशेंडीचा आणि विरळ, आखूड काट्यांच्या कवचातून निघणारा जो हॉर्स चेस्टनट, तो तर आपल्या रिठ्याच्या कुळातला आहे. रिठ्याला फेस ज्या जातीच्या द्रव्यामुळे येतो, त्याच जातीचे एस्किन नावाचे द्रव्य हॉर्स चेस्टनटच्या गरात असते, आणि ते पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. त्याचा हिमालयातला भाऊबंद कुमाऊँ-गढवालकडे पांगर म्हणून ओळखला जातो (आपल्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचे नाते नाही), आणि तिथले लोक त्याचे दाणे पाण्यात वारंवार भिजवून, कडवटपणा काढूनच त्याचे पीठ करतात.

ही तुलना विषयांतर वाटेल, पण या प्रकरणाचा पहिला धागा मला तिनेच दिला. हॉर्स चेस्टनटमध्ये विष गरातच असते, म्हणून त्याला वरवर पुसून किंवा सोलून काही साधत नाही. कडू बदामाचेही तसेच आहे. बिब्याचे मात्र उलट आहे. बिब्याचे नारिंगी, मऊ बोंड खाल्ले जाते, आतला गर म्हणजे गोडंबीही खाल्ली जाते, आणि या दोहोंच्या मध्ये जे काळे कवच असते तेच तेवढे अंगाला जाळते. तेव्हा कवच असलेले कोणतेही फळ बाधले की ‘कोणते फळ’ या प्रश्नाइतकाच ‘त्याचा कोणता थर’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि रक्ताच्या त्या अहवालात हा दुसरा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

बिबा, म्हणजे संस्कृतातला भल्लातक, हा काजू, आंबा, पिस्ता आणि चारोळी यांच्याच कुळातला आहे. त्याच्या कवचात मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात आणि त्यांत डांबरासारखे काळपट तेल भरलेले असते. या तेलातील भिलावॅनॉल नावाची द्रव्ये अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीतील आणि जपानी लाखेच्या झाडातील दाहक द्रव्यांची जवळची नातेवाईक आहेत. धोबी याच तेलात चुना मिसळून कपड्यांवर न जाणारी खूण करत असत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांना त्या खुणांच्या जागी, मानेवर आणि कमरेवर, पुरळ उठत असे, आणि त्याला ‘धोबी मार्क डर्मटायटिस’, म्हणजे धोब्याच्या खुणेचे पुरळ, असे नाव पडले होते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत बिबा आणखी एका कारणाने येतो. खोट्या फिर्यादीसाठी अंगावर बिबा लावून मारहाणीचा वळ उठवला जाई, आणि खरा वळ खाजत नाही, बिब्याचा खाजतो, यावरून डॉक्टर तो ओळखत. आपल्याकडे पायात काटा मोडला तर बिब्याचा चटका देतात, दाराला लिंबू-मिरचीबरोबर बिबा ओवतात, आणि रंगलेल्या कामाचा विचका करणाऱ्याने ‘बिब्बा घातला’ असे म्हणतात. इतके सगळे घरोघरी माहीत असूनही त्या घरात बिब्यावरचा संशय पहिले चार दिवस टिकला नाही.

असे का झाले याचे उत्तर आजीत होते. आजीचे माहेर किनवटच्या बाजूचे. लहानपणी तिने आईबरोबर बिबे फोडले होते, आणि बिबा उतणे, म्हणजे त्याच्या तेलाने अंगावर फोड उठणे, काय असते हे त्या घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. नातीने, ‘आजी, हा बिबा तर उतला नसंल?’ असे बुधवारीच विचारले होते. त्यावर आजीने ठामपणे सांगितले, ‘बिबा उततो बाई, गोडंबी कशाला उतंल? गोडंबी तर लेकराला देतेत.’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक ठरले. गोडंबी खरोखर निर्दोष असते. प्रश्न इतकाच होता की पुडीत आलेली वस्तू नुसती गोडंबी होती का.

संशय बिब्यावर जाण्यासारख्या तीन गोष्टी मला पुड्या उघडण्याआधीच दिसल्या. एक म्हणजे वेळ. काजूची नेहमीची ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत उमटते, अंगावर गांधी येतात, क्वचित दम लागतो. येथे मात्र दीड-दोन दिवस शांततेत गेले, आणि मग फोड आले. रोगप्रतिकारक पेशींमार्फत त्वचेवर घडणारी ही विलंबित प्रतिक्रिया असते, आणि तिचा शोध रक्ताच्या त्या तपासणीतून लागतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. वळणारीच्या बोटांना, आणि त्या बोटांनी चोळलेल्या पापण्यांना. खाणारीच्या ओठांना, आणि अन्नमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. तेल जिथे जिथे टेकले, तिथे तिथे त्याने आपली सही केली होती. तिसरी गोष्ट बाळंतिणीच्या पूर्वायुष्यातली. दर उन्हाळ्यात आंबा चोखून खाल्ला की तिच्या तोंडाभोवती पुरळ येते, म्हणून ती फोडी करूनच खाते, असे तिच्या आईने सहज सांगितले. आंब्याच्या सालीत आणि चिकात याच जातीची द्रव्ये असतात. पुढे विचारल्यावर मुलीने डाव्या पायाची टाच दाखवली. तिथे डाळीएवढा काळा डाग होता. शेतात बाभळीचा काटा मोडला तेव्हा, ती दहा-अकरा वर्षांची असताना, आजोबांनी बिबा तापवून तिथे लावला होता. शरीराची या द्रव्याशी ओळख तेव्हाच झालेली असावी. अशी ओळख एकदा झाली की पुढच्या वेळी अगदी थोड्या तेलानेही काम होते. उलट काही माणसांना बिबा जन्मभर उतत नाही, आणि आजी त्यांतली दिसते.

१९८२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अगदी असाच प्रसंग काजूबाबत घडल्याची नोंद आहे. मोझांबिकहून आलेल्या काजूच्या तुकड्यांत कवचाचे कण राहिले होते आणि ते खाल्लेल्या ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखे पुरळ उठले होते. तिथेही दोष काजूच्या गराचा नव्हता. तिथेही माल तुकड्यांचा होता, हे मी त्या वेळी वाचताना नजरेआड केले होते; पुडी उघडल्यावर ते आठवले.

पुडीत अख्खी गोडंबी नव्हतीच. ती कणी होती, म्हणजे फोडताना तुटलेले तुकडे आणि चुरा. लाडवांसाठी कुटायचीच आहे तर अख्खी कशाला घ्यायची, या साध्या हिशेबाने भावाने स्वस्तातली कणी आणली होती. हातमोजे घालून त्यातले शंभर तुकडे मी टिपकागदावर मांडले आणि दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवले. प्रत्येक तुकड्याखाली फिकट पिवळी, पारदर्शक तेलाची कड उमटली. ती गराच्या चरबीची, तिच्यात वावगे काही नाही. परंतु चौदा तुकड्यांखाली त्या पिवळ्या कडेच्या आत तपकिरी ठिपका होता. त्या ठिपक्यांवर चुन्याची निवळी सोडली आणि ते पाहता पाहता काळे पडले, धोब्याच्या खुणेसारखे. शेजारी ठेवलेल्या बदामाच्या आणि काजूच्या डागांवर निवळीचा काहीही परिणाम झाला नाही. भिंगाखाली पाहिले तेव्हा तीन-चार तुकड्यांना कवचाची नखाएवढीही नसलेली खपली चिकटलेली होती, आणि तिच्यातले कप्पे स्पष्ट दिसत होते. हा प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, हे मी त्या घरीही सांगितले. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र हे कागद पाहून आणि पुरळाची जागा पाहून बिब्याचाच निष्कर्ष काढला.

एक शंका भावजयीने उपस्थित केली आणि ती चांगली होती. गोडंबी तुपात परतली होती, मग तेल जळून का गेले नाही? कढईत गोडंबी गुलाबी होईपर्यंत जेवढी आच लागते तेवढ्याने ही द्रव्ये पुरती नष्ट होत नाहीत. शिवाय ती तुपात विरघळतात. त्यामुळे माखलेल्या तुकड्यांवरचे तेल तुपाने धुऊन गेले नाही, ते तुपाबरोबर सगळ्या लाडवांत पसरले. काजूच्या कारखान्यांत कवच फोडण्याआधीच बिया भाजतात किंवा वाफवतात. आयुर्वेदात औषधासाठी बिबा वापरताना विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन करतात. या दोन्ही रीतींत तेलाचा बंदोबस्त आधी होतो. घरच्या कढईकडून ती अपेक्षा करणे चूक आहे.

आता कणी आली कोठून. परभणीच्या किराणा दुकानदाराने ती नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून घेतली होती, आणि व्यापाऱ्याने ती किनवट भागातल्या आठवडी बाजारातून. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे किनवट हे सागाच्या जंगलाचे गाव म्हणून परिचित आहे. त्याच जंगलात बिब्याची झाडे आहेत. माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी तिकडे गेलो आणि बिबे फोडणाऱ्या एका बाईंच्या ओसरीवर तासभर बसलो.

त्या बाईंपुढे बारदान अंथरलेले होते, त्यावर एक सपाट दगड, उजवीकडे हातोडी, आणि डावीकडे घमेल्यात चुलीतली राख. डाव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेले होते. वाळलेला बिबा चिमटीत धरून त्या दगडावर कडेवर उभा करत, हातोडीचा एकच बेताचा घाव घालत, आणि कवच दोन शकले होऊन उघडले की अंगठ्याच्या नखाने गर काढून राखेत टाकत. घाव नेमका बसला तर गर अख्खा आणि पांढरा निघतो. थोडा जास्त बसला तर कवच पिचते, गर तुटतो आणि पिचलेल्या कवचाचे काळे तेल तुटलेल्या गराला लागते. म्हणजे कणी तयार होते त्याच घावात ती माखलीही जाते. अख्ख्या गोडंबीपेक्षा कणी अधिक धोक्याची का, याचे सगळे उत्तर त्या एका घावात होते. बाईंच्या दोन्ही हातांवर, आणि गालावर उडालेल्या थेंबांच्या जागी, जुने काळे व्रण होते. ‘ह्या कामात उतायचंच, सर,’ असे त्या काहीशा अलिप्तपणे म्हणाल्या.

राख तेल शोषून घेते, म्हणून काढलेला गर तिच्यात घोळवतात, मग सुपात पाखडतात, आणि शेवटी उजेडात बसून काळा डाग पडलेला दाणा न् दाणा वेचून काढतात. हे निवडण्याचे काम फोडण्याइतकाच वेळ खाते. मोबदला मात्र किलोवर मिळतो, आणि निवडून टाकलेल्या दाण्यांचे वजन फोडणारीच्या पदरात पडत नाही. ‘पांढरी निवडून घेतेत अन् तिला भाव देतेत,’ त्या म्हणाल्या. ‘कणी कशीबी चालती म्हणतेत. मग कणी निवडण्यात दिस कशाला घालवू?’ माझ्या मते या प्रकरणातील चूक येथे घडली, आणि ती या बाईंची नाही. ज्या मालाला सर्वांत जास्त निवडण्याची गरज होती, नेमका त्याच मालाच्या निवडण्याला बाजाराने शून्य किंमत ठेवली होती. अख्खी गोडंबी निवडली जात होती ती दिसायला पांढरी असावी म्हणून, कोणाला बाधू नये म्हणून नव्हे.

ठोक व्यापाऱ्याला आम्ही टिपकागद दाखवले. आजवर एकही तक्रार आली नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. आज लाडू खाल्ला आणि परवा पुरळ उठले तर माणूस त्या दिवशीची भाजी, नवा साबण किंवा उष्णता यांना दोष देतो. पाकीटबंद खाद्यपदार्थावर त्यात काजू-बदामाच्या जातीचे घटक असल्यास तसे छापणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे, परंतु कागदाच्या पुडीत सुटी मिळणाऱ्या कणीवर काय छापणार, आणि छापले तरी कवचाच्या खपलीचा उल्लेख त्यात कोण करणार? किराणा दुकानदाराने मात्र उरलेली कणी परत पाठवली आणि यापुढे अख्खीच गोडंबी ठेवण्याचे ठरवले. त्यामुळे किनवटच्या त्या बाईंच्या कणीचे एक गिऱ्हाईक कमी झाले, ही बाजूही नोंदवली पाहिजे. कणीला निवडणावळ म्हणून किलोमागे थोडा वेगळा दर द्यावा, असे मी व्यापाऱ्याला सुचवले आहे. त्याने नाही म्हटलेले नाही.

बाळंतिणीचे पुरळ अडीच आठवड्यांत पूर्ण बसले. भावजयीचे डोळे आठवड्यात मोकळे झाले, बोटांची साल मात्र महिनाभर निघत राहिली. नवे लाडू गोडंबीविना केले गेले. गोडंबी निवडलेली आणि अख्खी असली तरी या मुलीने ती पुन्हा खाऊ नये, असे डॉक्टरांचे मत पडले, आणि काजू-पिस्त्याची तिला मुभा मिळाली. शिंगाड्याचे पीठ पुढच्या एकादशीला डब्यातून बाहेर आले.

उरलेल्या लाडवांचा आणि पुडीतल्या कणीचा प्रश्न राहिला होता. वाया जाऊ नये म्हणून आई ते म्हशीपुढे टाकायला निघाली होती, आणि तिला अडवल्यावर आजीने ते सगळे अंगणातल्या चुलीत घालायला उचलले. तिला हाताला धरून थांबवावे लागले, कारण बिब्याचा धूरही अंगावर आणि डोळ्यांत उततो. शेवटी भावाने परसात, विहिरीपासून लांब, हातभर खोल खड्डा केला, डबा त्यात उपडा केला आणि वर माती लोटली. आजी उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. इतकं तूप मातीत गेलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, असे ती दोनदा म्हणाली.